काळा बगळा, पांढरा बगळा

बारावीच्या वर्गात उत्क्रांतीचा धडा चालू होता आणि हेमाला स्वतःचाच आवाज कंटाळवाणा वाटत होता. फळ्यावर तिने मलायाच्या बेटांचा नकाशा लावला होता. वॉलेस नावाचा इंग्रज निसर्गअभ्यासक या बेटांवर आठ वर्षं फिरला, पक्षी, फुलपाखरं, किडे गोळा करत राहिला, आणि एकदा तापाने फणफणून पडलेला असताना सजीव कसे बदलत जातात ते त्याला उमगलं. त्याने ते लिहून डार्विनला पाठवलं, तर डार्विन कितीतरी वर्षं त्याच विचाराशी झटत बसलेला. एवढं सांगून झाल्यावर अनुष्काने हात वर करून नेहमीसारखं इंग्रजीत विचारलं.

"मॅम, पण त्यासाठी एवढं फिरायची काय गरज होती? विचारच करायचा होता ना? घरी बसून नसता का करता आला?"

वर्ग हसला. अनुष्का हसली नाही. ती खरंच विचारत होती.

"वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे प्राणी बघायला मिळतात, म्हणून," हेमा म्हणाली.

"ते तर म्युझियममध्ये पण असतात, मॅम."

तेवढ्यात तास संपला. हूरा भागातल्या फ्लॅटवर परतेपर्यंत आणि परतल्यावरही तो प्रश्न हेमाच्या डोक्यातून गेला नाही. ती मूळची सांगलीची, शिकलेली वनस्पतिशास्त्र, आणि बहरीनमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागून तिला बारा वर्षं झाली होती. या बारा वर्षांत कुणी असं काही विचारलं नव्हतं. रात्री जेवताना तिने नवऱ्याला, जयप्रकाशला, तोच प्रश्न घातला. तो बँकेत नोकरीला होता.

"मला विचारशील तर मीही घरीच बसलो असतो," तो म्हणाला आणि त्याने आणखी आमटी वाढून घेतली.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे अरादच्या खाडीवर गेली. पक्षी बघण्याचा नाद तिला लावला होता नजीबभाईंनी. ते श्रीवर्धनचे. बाब अल बहरीनच्या कमानीमागच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि शुक्रवारी दुकान उघडेपर्यंतचा वेळ ते हातभर लांबीची लेन्स खांद्यावर टाकून किनाऱ्याने हिंडत. एकदा हेमा त्यांच्याकडे पडद्याचं कापड घ्यायला गेली होती. काउंटरमागे लावलेला खंड्याचा फोटो बघून ती तिथेच अडकली, आणि पडदे राहिले बाजूला.

ओहोटी लागली होती. काठावरच्या जुन्या किल्ल्याच्या बाजूला चिखल उघडा पडला होता, आणि त्यात तिवरांची झुडपं गुडघाभर पाण्यात उभी होती. नजीबभाईंनी तिकाटण्यावर दुर्बीण लावली आणि एकदम हाताने तिला गप्प राहायची खूण केली.

"हेमाताई, हे बघा. ते मोठं तिवर दिसतंय ना? त्याच्या आत."

हेमाने डोळा लावला. पानांमध्ये काटक्यांचं घरटं होतं आणि त्यात पांढराशुभ्र बगळा बसला होता. ती बघत होती तोवर वरून दुसरा बगळा उतरला. हा पाटीसारखा काळसर, फक्त गळ्याशी पांढरा. त्याच्या चोचीत काटकी होती. तो फांदीवर टेकला, मान लांब करून त्याने ती काटकी पांढऱ्याच्या चोचीत दिली. पांढऱ्याने ती घरट्यात खोचली, मग उठला, पंख झटकले आणि उडून गेला. काळा सावकाश, जपून, त्याच्या जागी बसला.

"अहो!" हेमा जवळजवळ ओरडलीच. "हे दोन वेगळे पक्षी आहेत ना?"

"मी तरी इतकी वर्षं वेगळेच धरतो," नजीबभाई म्हणाले. "आमच्या गावाकडेसुद्धा काळा वेगळा नि पांढरा वेगळाच म्हणतात. माझ्या कॉम्प्युटरवर दोघांचे दोन फोल्डर हायत."

"मग हे एकत्र कसे? संकर आहे का हा?"

"थांबा, फोनवर बघतो."

"नको!" तिने त्यांचा हातच धरला, मग ओशाळून सोडला. "नजीबभाई, नका बघू. अंड्यांतून काय बाहेर येतं ते आपण आपल्या डोळ्यांनी बघू. तोवर फोन बंद."

नजीबभाई मोठ्याने हसले. "खलास! फोन बंद."

त्यानंतर हेमाला दुसरं काही सुचेना. शाळेच्या आधी ती खाडीवर, शाळा सुटली की पुन्हा खाडीवर. झुडपाजवळ कुणी जायचं नाही, लांबच्या पायवाटेवरूनच बघायचं, हे तिने आणि नजीबभाईंनी ठरवून टाकलं होतं. ऊन तापायला लागलं तसा तिचा चेहरा रापला. स्टाफरूममधल्या मैत्रिणी विचारायला लागल्या. एके दिवशी शिकवता शिकवता तिने वर्गालाही सांगून टाकलं.

"तुमच्यापैकी कुणीही हे शोधून बघायचं नाही," ती म्हणाली. "फक्त अंदाज करा. पिल्लं कोणत्या रंगाची होतील?"

वर्ग पेटला. कुणी म्हणालं करडी, म्हणजे दोन्ही रंग मिसळून. कुणी म्हणालं आईसारखी. पण आई कोणती, यावर मागच्या बाकांवर भांडण जुंपलं. तीन वर्षांत ज्याने तोंड उघडलं नव्हतं तो मुलगाही उभा राहून बोलला. अनुष्का म्हणाली, "मॅम, अंडी फुटणारच नाहीत. दोन जाती असतील तर नाही फुटणार."

अंडी फुटली. मे महिन्यात एका सकाळी नजीबभाईंचा फोन आला आणि ते फक्त "या, या, यल्ला, लवकर या!" एवढंच बोलले. हेमा टॅक्सी करून धावली. दुर्बिणीत आधी नुसत्या उघड्या चोची दिसल्या. मग काळा बगळा बाजूला सरकला आणि तिला पिल्लं दिसली. दोन काळ्या बगळ्यासारखीच, काळसर राखाडी लवेची. आणि त्यांच्यामध्ये, त्यांना ढकलून पुढे येणारं, एक पांढरं.

हेमा बाकावर बसली.

"एकाच घरट्यात," ती म्हणाली. "एकाच आईबापांची. मिसळलेला रंग नाही, नजीबभाई. एक तर हा, नाहीतर तो. ही एकच जात आहे!"

"म्हणजे माझे दोन फोल्डर..."

"एक करा!"

त्या संध्याकाळी तिने फोन उघडला, आणि जे पाहिलं होतं तेच तिथे लिहिलेलं सापडलं. सगळ्या जगाला ते ठाऊक होतं. तिला वाटलं होतं आपण हिरमुसू, पण झालं उलटंच. ती वॉलेसविषयी पुन्हा वाचायला बसली. त्याच्या फुलपाखरांची गोष्ट तिने कैकदा वाचून सोडून दिली होती. सुमात्रात एका मोठ्या फुलपाखराच्या माद्या दोन अगदी वेगळ्या रूपांत दिसायच्या, आणि एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही रूपं निघतात असं त्याच्या लक्षात आलं होतं. आज ते वाचताना ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

"अहो, ऐका ना!" तिने जयप्रकाशला हाक मारली. "त्याचं पोट नमुने विकण्यावर होतं. म्हणून तो एकाच जातीचे खूप गोळा करायचा. म्युझियमच्या पेटीत एक फुलपाखरू असतं, म्हणजे त्या जातीचा चेहरा एकच वाटतो. याच्या पुढ्यात ढिगाने होती! एकसारखं एकही नाही! तो फरक घरी बसून दिसलाच नसता. आणि फरक नसेल तर निसर्ग निवडणार काय?"

जयप्रकाश दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. "मलापण घेऊन चल उद्या," तो म्हणाला.

वर्गाची खाडीवरची सहल जूनच्या दुसऱ्या शनिवारी ठरली. त्याआधीच्या बुधवारी शमाल सुटला. वाळवंटाकडून येणारा तो वारा दोन दिवस थांबला नाही. आकाश मातकट झालं, खिडकीच्या फटींतून धूळ आत आली, खाडीकडे जाणंच शक्य नव्हतं. हेमा रात्रभर काचांचा खडखडाट ऐकत पडून राही. तेवढ्या काटक्यांचं ते घरटं, तेही पाण्यावर. शुक्रवारी संध्याकाळी तिने नजीबभाईंना फोन केला.

"सहल रद्द करू का? मुलांनी येऊन मोडकं घरटं बघायचं का?"

"रद्द नका करू," ते म्हणाले. "काय असेल ते बघू. इंशाल्ला असतील."

शनिवारी पहाटे बस खाडीवर पोचली तेव्हा वारा पडला होता. नजीबभाई आणि जयप्रकाश आधीच येऊन थांबले होते. नजीबभाईंनी दुर्बीण लावली, बघितलं आणि ते बाजूला सरकले. हेमाने डोळा लावला. घरट्याची एक बाजू खचली होती. आत कुणी नव्हतं.

हेमाला मुलांकडे वळून बघवेना. तेवढ्यात अनुष्का, जी एरवी इंग्रजीशिवाय बोलत नसे, मराठीत किंचाळली.

"मॅम, खाली बघा! खाली, फांदीवर!"

खालच्या फांदीवर, पाण्यापासून हातभर उंचीवर, तिन्ही पिल्लं ओळीने फांदीला धरून बसली होती. पिसं विस्कटलेली, पण जिवंत. पांढरं मधे. काळा बगळा चोचीत मासा धरून चिखलातून झपझप येत होता, आणि तिघंही एकदम गळा फाडून ओरडायला लागली. मुलांनी असा काही जल्लोष केला की हेमाला त्यांना गप्प करताना स्वतःचंच हसू आवरेना. जयप्रकाश टाळ्या वाजवत होता. दुर्बिणीशी रांग लागली, रांग मोडली, पुन्हा लागली.

अनुष्का तिथून हलेचना. मग ती हेमाजवळ आली, घामाने डबडबलेली.

"मॅम, इथला चिखल काळा आहे. हवार बेटांवर वाळू पांढरी आहे ना? तिथे कोणते जास्त असतील?"

"ते मलाही बघूनच कळेल," हेमा म्हणाली.

"पांढरे," नजीबभाई म्हणाले.

"वाळूशी काय संबंध? काळेच," जयप्रकाश म्हणाला. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या पक्ष्याबद्दल मत दिलं होतं.

दोघांचा वाद बसपर्यंत चालला. पुढच्या शुक्रवारी हवारला जाणाऱ्या बोटीत अनुष्का आणि तिचे आईवडील, नजीबभाई, जयप्रकाश आणि हेमा असे सगळे बसले होते. जयप्रकाशच्या गळ्यात कोरी करकरीत दुर्बीण होती आणि ती उलटी धरून तो समुद्र बघत होता. बेटाची फिकट रेघ दिसायला लागली तशी अनुष्का उठून बोटीच्या टोकाला गेली. पाण्याचे तुषार तिच्या तोंडावर उडत होते आणि ती मागे न बघता ओरडून सांगत होती, "एक दिसला! मॅम, एक दिसला!"

"कोणता?" बोटीतून सगळ्यांनी एकदमच विचारलं.