गोड्या पाण्याचं वजन

वस्तादांनी इकडेतिकडे पाहिलं, पट्ट्यात ओवलेली शिशाची दोन वजनं हळूच काढली आणि बाकाखाली सरकवून दिली. लेक बोटीच्या दुसऱ्या टोकाला सिलिंडर बांधत होती. तिची त्यांच्याकडे पाठ होती.

"आठ किलो म्हणे! मी काय कापसाचा आहे?" ते पुटपुटले.

शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावात त्यांची उभी हयात गेली होती. पाणी आत ओढणाऱ्या जाळीत शेवाळ, फांद्या, कधी मेलेलं कुत्रं अडकलं की वस्तादांना हाक जायची. कमरेला सहा किलो शिसं बांधायचं आणि गढूळ अंधारात चाचपडत काम उरकायचं. लेकीलाही त्यांनीच त्या पाण्यात पहिल्यांदा उतरवलं. पण पोर समुद्राकाठच्या डायव्हिंगच्या शाळेत गेली आणि घरी फोन आला की एकच पालुपद सुरू झालं. सर म्हणतात, श्वास सावकाश घ्यावा. सर म्हणतात, हात हलवू नयेत. एकदा तर, सर म्हणतात, रात्री लवकर झोपावं.

"हेच मी जन्मभर घसा फोडून सांगत होतो," वस्ताद बायकोवर उखडले होते. "तेव्हा हिच्या कानात काय बोळे होते?"

"पिकतं तिथे विकत नाही," बायको म्हणाली आणि हसली. ते हसणंसुद्धा त्यांना झोंबलं.

आज लेकीची गाईड होण्याची परीक्षा होती. एका पाहुण्याला खाली न्यायचं, फिरवायचं आणि सुखरूप वर आणायचं. पाहुणा म्हणून तिनं वडिलांनाच बोलावलं, तेव्हा वस्ताद हुरळून गेले होते. पण काल संध्याकाळी त्यांचा पट्टा भरताना ती म्हणाली, "बाबा, खारं पाणी जड असतं, माणसाला वर ढकलतं. तलावात तुम्हाला सहा किलो पुरायचे, इथे आठ लागतील. सर म्हणतात..."

पुढचं वस्तादांनी ऐकलंच नाही.

सर म्हणजे कोणी रुबाबदार गडी असेल, अशी त्यांची कल्पना होती. निघाला एक किरकोळ अंगाचा, टक्कल पडलेला माणूस. त्यानं वाकून नमस्कार केला, बसायला सावलीतली जागा दिली. रागवायला काही सापडेना, हीच पंचाईत. मग लेकीनं थर्मासमधला चहा ओतला आणि पहिला पेला सरांच्या हातात दिला. दुसरा वडिलांना. वस्तादांनी तो तसाच निवू दिला.

बोट थांबली. परीक्षा घेणाऱ्या बाई आधी पाण्यात उतरल्या. मागोमाग वस्ताद आणि लेक, हवा भरलेल्या जाकिटांवर तरंगत.

"बाबा, जाकिटातली हवा सोडा. श्वास धरा आणि हलू नका."

वस्तादांनी हवा सोडली. पाणी डोळ्यांपर्यंत यायला हवं होतं, ते गळ्यापाशीच थांबलं. त्यांनी श्वास सोडून पाहिला. हनुवटीसुद्धा बुडेना. भोपळा तरंगावा तसे ते लाटेवर डुलत राहिले.

लेकीच्या कपाळाला आठी पडली. "वजन कमी आहे."

"काही कमी नाही. डोकं खाली घालून दोन लाथा मारल्या की जातो मी. आयुष्यभर तेच केलंय."

"खाली जाल हो. पण परत येताना? हवा संपत आली की सिलिंडर हलका होतो. वरच्या पाण्यात थोडं थांबायचं असतं, ते जमणार नाही. बुचासारखे वर उसळाल."

"आता तू शिकवणार मला?"

बाई पाहत होत्या. बोटीच्या कठड्याशी सर उभे होते, पण मध्ये पडले नाहीत. लेकीचा चेहरा क्षणभर लहानपणीसारखा झाला, रडवेला. मग तिनं वडिलांच्या जाकिटाचा पट्टा घट्ट धरला.

"मी असं तुम्हाला नेणार नाही, बाबा. परीक्षा गेली तरी चालेल."

वस्तादांना हा आवाज ओळखीचा नव्हता. घरात ती या आवाजात कधी बोललीच नव्हती. त्यांनी बाईंकडे मान वळवली.

"पोरीनं आठच भरले होते," ते म्हणाले. "मी काढले. बाकाखाली आहेत."

सरांनी वाकून वजनं उचलली आणि लेकीच्या हातात दिली. तिनं ती पट्ट्यात ओवली. आता पाणी बरोबर वस्तादांच्या डोळ्यांशी आलं. त्यांनी श्वास सोडला आणि समुद्रानं त्यांना अलगद आत घेतलं.

तलावात त्यांना लेक कधी दिसलीच नव्हती. दोघांना बांधलेल्या दोरीला बसणारा हिसका, तेवढीच तिची खूण. इथे ती अख्खी दिसत होती. हात पोटाशी बांधलेले, पाय सावकाश चालणारे, माशांचा थवासुद्धा तिला बिचकत नव्हता. घसा फोडून सांगितलं असलं तरी यातलं काहीच त्यांनी शिकवलेलं नव्हतं. सगळं त्या माणसाचं होतं आणि सुंदर होतं.

वर आल्यावर बाईंनी लेकीची पाठ थोपटली. "पास. लगेच दुसरी खेप घे." शिडीशी येताच लेक आनंदानं ओरडली, "सर!" मग वडिलांकडे वळून हसली. बोटीवर थांबलेल्या इतर पाहुण्यांना घेऊन ती पुन्हा खाली गेली. बाईही सोबत गेल्या.

बोटीवर दोघेच उरले.

"तुम्ही नाही जात?" वस्तादांनी विचारलं.

"माझा डावा कान गेलाय. खोल जायला बंदी आहे. मी शिकवतो ते छातीभर पाण्यात, टाकीत." सरांनी पाण्याकडे पाहिलं आणि जरा संकोचून विचारलं, "खाली कशी दिसते हो ती?"

एवढी एक गोष्ट त्यांच्यापाशी होती आणि या माणसापाशी नव्हती. ती सांगूच नये, असं त्यांना फार वाटलं.

मग ते उठले, सरांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

"हात अजिबात हलवत नाही," त्यांनी सांगायला सुरुवात केली.