ग्राहकाला प्राधान्य

आमचे हे वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रार विभागाचे प्रमुख. प्रमुखाने केबिनमध्ये बसून सह्या कराव्यात की नाही? छे! हे स्वतः कानाला हेडफोन लावून फोन घेतात. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. का, तर बाकीच्यांना ग्राहकाशी गोड बोलता येत नाही म्हणे. आता हा गोडवा घरात कुणी चाखलाय? मी तरी नाही.

लेकीला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिचं एकच मागणं होतं, बाबाने सोडायला यावं. आठवडाभर विचारत होती बिचारी. तिने तोंड उघडलं की हे “बघू” म्हणत बूट घालून पसार. मोबाईल तर घरच्यांचा कधी उचलतच नाहीत. शेवटी निघायच्या आदल्या दुपारी तिने वैतागून कंपनीचा तक्रारीचा नंबर लावला, स्पीकरवर.

लगेच हजर! “नमस्कार मॅडम, बोला, काय सेवा करू?”

अहाहा, काय तो आवाज! लग्न ठरलं तेव्हासुद्धा माझ्याशी एवढं मधाळ बोलले नव्हते.

पोरीला बाबा म्हणायचं सुचलंच नाही. “मी उद्या परगावी शिकायला चाललेय,” ती म्हणाली, “आणि माझे बाबा सोडायला येणार की नाही, तेच कळत नाहीये. घरी ते भेटतच नाहीत.” आणि तिला रडूच फुटलं.

आता तरी ओळखतील, मला वाटलं. सख्खा बाप आहे! कसलं काय.

“रडू नका मॅडम. आधी पाणी प्या बरं. मशीनचं आपण मागाहून बघू.” किती वेळ धीर देत होता हा माणूस! बाबांना समोर बसवून सरळ विचारा म्हणाले, बाप लेकीला नाही म्हणूच शकत नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण पोरीने शपथ घातली, यांना काही सांगायचं नाही.

संध्याकाळी स्वारी भलतीच खुशीत. बूट काढता काढता अख्खी कहाणी आम्हालाच ऐकवली. त्या रडणाऱ्या मुलीच्या आठवणीने डोळेसुद्धा पुसले. “काय एकेक बाप असतात गं!”

लेक उठली आणि खुर्ची ओढून यांच्यासमोर बसली. “बाबा, उद्या मला सोडायला येशील?”

मनात म्हटलं, अहो, एकदा तरी हो म्हणा.

“उद्या? उद्या कसं जमेल, राणी? महिनाअखेर आहे, तक्रारी तुंबल्यात. आई येतेय ना स्टेशनवर.” तिचा चेहरा पडलेला बघून यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कौतुकाने म्हणाले, “पण त्या पोरीचा बाप जाणार बघ. कसं विचारायचं, ते मी शिकवलंय तिला.”