राणीचा आखूड हात

"यशवंतराव, जरा मान वर करा. राणीसाहेब आल्यात," असं राणी स्वतःच म्हणाली आणि दोन्ही हात जोडून तिने दुकानाच्या उंबऱ्यावर नमस्कार घातला.

यशवंत चिताऱ्याने मान वर केली, पण राणीच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्याची नजर थेट तिच्या खांद्याच्या शिवणीवर गेली. राणीच्या आत शंभू मास्तरांचा हात होता आणि ही राणी यशवंताने केलेली नव्हती.

"ही खंयची?"

"सुमनान शिवली," मास्तर म्हणाले. "स्टँडाकडे ब्लाउज शिवता ती, सावंतवाडीकडची. आमच्या राणीचो झगो उंदरांनी खाल्लो. म्हटलां, सुमनाकडसून तात्पुरती शिवून घेवया. आणि बघ, सुमनान काय केल्यान ता!"

तीनदा. यशवंताने मनात नोंद केली. चहाचा एक घोट घशाखाली जायच्या आत सुमनचं नाव तीनदा.

गोवा मुक्त झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मास्तर डिचोलीच्या मराठी शाळेत लागले आणि पोरांना शाळेची गोडी लागावी म्हणून हातबाहुल्यांचे खेळ करू लागले. त्यांच्या सातही बाहुल्या यशवंताच्या. पांगाऱ्याच्या लाकडात कोरलेली डोकी, मानेत बोट घालायला भोक, खाली झगा. तर्जनी मानेत, अंगठा आणि मधलं बोट बाह्यांत. यशवंत चतुर्थीला गणपती करी आणि उरलेलं वर्ष त्या गणपतींच्या आठवणीवर काढी. पण राजाच्या हनुवटीचा विषय निघाला की त्याची छाती अजूनही फुगे. खेळ असला की तो पहिल्या रांगेत पोरांमध्ये मांडी घालून बसायचा. खेळ मास्तरांचा, तोंडं आपली, असा त्याचा चोवीस वर्षांचा हिशेब.

आणि आता हे कापसाचं डोकं, गुंडीचे डोळे, लोकरीचा अंबाडा!

"शनिवारी आमोण्याच्या शाळेत खेळ आसा," मास्तर जाता जाता म्हणाले. "ही राणी तिथे बरी चल्ली, तर सगळी सातूय सुमनाकडसून करून घेईन म्हणतंय. तुझी शाळेच्या कपाटात मांडून ठेवया. शोभेक."

शोभेक! यशवंताच्या बायकोने, गंगाने, आतून डोकावून पाहिलं. "काय ओ, घरात सवत इली काय? तसां तोंड केल्यात."

दुपारी यशवंत छत्रीची काडी शिवून घ्यायच्या निमित्ताने स्टँडाकडे गेला. छत्रीला काही झालेलं नव्हतं. सुमन मशीनवर होती. पस्तिशीची, तोंडात दोरा धरून बोलणारी.

"ती राणी तू शिवलंस?"

"होय. बरी झाली मां?"

"एक हात आखूड झालो तुझो."

"झालो नाय, केलंय," दोरा तोडत सुमन म्हणाली. "आंगठो आखूड, मधला बोट लांब. बाह्यो सारख्यो केलंय तर मास्तरांनी आंगठो ताणूचो किती? आणि माप घेताना मी त्यांका भिंतीवरच्या कागदार हात वर धरूक सांगितलंय. खेळ हात वर धरून करतत मां? मग खाली सोडलेल्या हाताचा माप काय कामाचा? ब्लाउजाचाय तसाच."

"देवीची मूर्ती अशी केली तर लोक दारात ठेवूचे नाय."

"देवी बसान रवता, काका. राणीक नाचूचा आसा."

छत्री तशीच काखेत मारून यशवंत परतला. एका ब्लाउजवालीने आपल्याला मूर्तिकला शिकवावी हे त्याला सोसेना. त्याने खरं तर कुठल्याच बाहुलीसाठी माप घेतलेलं नव्हतं. स्वतःचं बोट भोकात घालून बघायचं, गेलं की झालं. मूर्तीचे दोन खांदे सारखे, दोन हात सारखे, ही त्याच्या बापाची शिकवण. बापाने कधी कुणाचा हात मूर्तीच्या आत घातला नव्हता.

शनिवारी तो आपणहून मास्तरांची बाहुल्यांची पेटी उचलायला हजर झाला. मास्तरांना नवल वाटलं. बसमध्ये पेटी यशवंताच्या मांडीवर होती आणि मास्तर पुढच्या सीटवर डुलकी घेत होते. आमोण्याला उतरेपर्यंत गुंडीच्या डोळ्यांची राणी यशवंताच्या छत्रीच्या घड्यांत गेली होती.

शाळेत पडदा बांधून झाला, पोरं बसली, आणि मास्तर पेटीत दोन्ही हात घालून शोधू लागले. "राणी खंय गेली?"

"घरी रवली आसतली," यशवंत म्हणाला. "पण रंगवूक माझ्याकडे आयल्ली जुनी राणी मी घेऊन आयलां. गंगान काल तिका नवो झगो शिवलो. म्हटलां, सोबतीक असूं दी."

मास्तरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग जुनी राणी उजव्या हातात चढवली, डाव्यात राजा.

पडद्यामागे बसायची यशवंताची ही पहिलीच वेळ. पेटी सांभाळायला म्हणून त्याला तिथेच थांबावं लागलं. पलीकडून पोरांचं हसू ऐकू येत होतं. आळशी राजा उठत नाही, राणी त्याला पंख्याने वारा घालते, उठवते, पुन्हा वारा घालते. त्याने हे शंभरदा पाहिलं होतं. पण इथून राणीचं तोंड दिसतच नव्हतं. दिसत होता मास्तरांचा हात, कोपरापर्यंत घामाने भिजलेला, आणि राणीचं जड डोकं सावरताना मनगटापाशी थरथरणारी एक शीर.

पंखा मध्येच थांबला. अंगठा आखडला होता. मास्तरांनी दात आवळले, डोळे मिटले, आणि त्याच क्षणी राणीच्या बारीक आवाजात म्हणाले, "जा! मी रुसले. आता तुमचं तुम्ही वारं घ्या!"

पोरं टाळ्या पिटून हसली. यशवंत हसला नाही.

खेळ संपल्यावर मास्तरांनी राणी उतरवली. डाव्या हाताने उजवा अंगठा एकेक पेर सरळ केला. मग तर्जनीवरून एक चिंधी उलगडली, लांबच लांब, तेलकट, घामाने काळी पडलेली.

"ही कित्याक?"

"भोक सैल पडता. बोटावर डोक्यां गरगरता."

"कधीसून?"

"पयल्या वर्सासून," मास्तर सहज म्हणाले. "रंगवूक तुझ्याकडे धाडताना काढून ठेवतंय."

"माका सांगूंक नाय?"

"तोंडां इतकी बरी केल्लंस, यशवंता. तुका सांगूचा काय?"

यशवंताने छत्री उचलली. उघडली. राणी बाहेर पडली, अंबाडा थोडा चेपलेला.

"मेळली," तो म्हणाला.

मास्तरांनी ती उचलून झटकली. "उन्हाक भियाली आसतली," ते म्हणाले, आणि तिला पेटीत ठेवून दिलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी सुमनचं नाव एकदाही काढलं नाही. मोजायला काहीच नव्हतं, आणि त्यानेच यशवंताला जास्त टोचलं.

सोमवारी तो स्टँडाकडे गेला. या खेपेला छत्री नव्हती.

"मास्तरांच्या हाताचो कागद आसा?"

सुमनने मशीन थांबवलं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि खणातून जुन्या कॅलेंडरचं पान काढून दिलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढलेले दोन्ही हात होते. बारीक, लहान. डावी तर्जनी टोकाशी किंचित वाकलेली. चोवीस वर्षं एका मेजावर चहा प्यालेल्या माणसाचं बोट वाकडं आहे, हे यशवंताला कॅलेंडरवरून कळलं.

घरी त्याने त्यातल्या डाव्या हातावर आपला पंजा ठेवून पाहिला. खालचा हात पुरता झाकला गेला. रेघ कुठेच दिसेना.

मग त्याने राजाचं डोकं मांडीवर उपडं घेतलं आणि आतून कोरायला सुरुवात केली. जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथे तीन दिवस. डोकं निम्म्याने हलकं झालं. भोकात गंगाच्या जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर बसलं, वाकड्या बोटाला वाकडं. गंगाने झग्याची एक बाही कापली तेव्हा तो दुसरीकडे बघत राहिला.

मास्तर आले. चिंधी खिशातून काढली, मग राजात बोट घालून पाहिलं, आणि चिंधी परत खिशात ठेवली. राजाने मान डोलावली. वाकला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. 

"बरोबर बसलो रे. माप कोणी घेतल्यान?"

यशवंत हत्यारं पुसत होता. एक पुसून झालं, तेच त्याने पुन्हा पुसलं.

"सुमनान," तो म्हणाला.

त्या दिवशी ते नाव तेवढं एकदाच निघालं. राजा पुढे झाला आणि आपल्या एका आखूड आणि एका लांब हाताने यशवंताच्या गुडघ्यावरचा लाकडाचा भुसा हळूहळू झाडू लागला.