फलकावरची भवानी

दिनकररावांनी चिठ्ठी आधी दुमडली, घडीवरून नख फिरवलं आणि मग हलकेच फाडली. कागद वेडावाकडा फाटलेला त्यांना खपत नसे. चिठ्ठी खिशात घालून त्यांनी मागं वळून पाहिलं. क्लबच्या खोलीत कुणी नव्हतं. बाहेर कुरणावर फोमच्या रानडुकरात बाण घुसल्याचा ‘थप्’ असा आवाज तेवढा आला.

फलकावरच्या जाहिरातीला खाली झालरीसारख्या आठ चिठ्ठ्या कातरलेल्या होत्या, प्रत्येकीवर एकच फोन नंबर. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : नामिबिया. धनुष्यबाणाने शिकार, सप्टेंबरात दोन आठवडे. तीन अनुभवी शिकारी सोबती हवेत. खाली नाव, ल्योफलर.

जर्मनीत धनुष्यानं जनावर मारायला कायद्यानं बंदी. म्हणून एर्लांगेनजवळच्या या क्लबात सगळे फोमच्या प्राण्यांवर समाधान मानत. हेर, म्हणजे श्रीयुत, ल्योफलर मात्र दर दोन वर्षांनी होर्स्ट नावाच्या मित्राबरोबर आफ्रिकेला जात. होर्स्ट गेल्या हिवाळ्यात वारला, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला तिथल्या फार्मवर एकटं येऊ देत नव्हते.

जाहिरात लागून तीन आठवडे झाले होते. एकाही चिठ्ठीला कुणी हात लावला नव्हता.

ते दिनकररावांना बघवेना. शिकारीशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. पण शनिवारच्या बाजारात त्यांची बायको कुसुम नेमकी जिथं चिटपाखरू नसेल त्या भाजीवाल्यापुढं जाऊन उभी राहायची. “अहो, त्याची भवानी व्हायचीय अजून,” असं म्हणून नको असलेले मुळे घ्यायची. पहिलं गिऱ्हाईक झालं की मागोमाग दुसरं येतंच, असं तिचं म्हणणं. आणि यायचंही. निदान ती होती तोवर तरी.

ती गेल्यावर बर्लिनच्या लेकीनं, उर्जानं, परस्परच त्यांचं नाव या क्लबात घातलं होतं. तीन वर्षं ते दर गुरुवारी येत, बारा बाण सोडत, मग बाकावर मराठी पुस्तक उघडून बसत. कुणी नमस्कार केला तर नमस्कार करत. संध्याकाळच्या बसनं घरी जात.

पुढच्या गुरुवारी फलकावर सातच्या सात चिठ्ठ्या तशाच होत्या. आपला हातगुणच असा, दिनकररावांना वाटलं. कुसुमच्या मागं माणसं यायची. आपल्या मागं कोण येणार? त्यांनी आणखी एक फाडली. मग दर खेपेला एक, कधी दोन. वाचताना पानांत खुणेला ठेवायला त्या बऱ्या पडत.

जूनच्या सुरुवातीला ल्योफलर आपण होऊन त्यांच्या बाकापाशी आले. एरवी दोघांत ‘नमस्कार’ आणि ‘आज वारा आहे’ यापलीकडं बोलणं नसे.

“आठ! आठ जणांनी नंबर नेलाय, हेर मोघे.”

“फोन आले?”

“अजून नाही. आल्झो, म्हणजे बघा, लोक घरी विचारतात, रजा बघतात. येतील.”

त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात फोन होता. मैदानात फोन चालू ठेवायला मनाई होती, पण ल्योफलरना कुणी काही म्हणत नव्हतं. धनुष्य ताणतानाही त्यांचं अर्धं लक्ष त्या खिशाकडं होतं. दिनकररावांनी पान उलटलं, आणि तेच पान पुन्हा मागं घेतलं.

“आठही तूच फाडल्यास?” उर्जा फोनवर ओरडली. “बाबा!”

“भवानी व्हावी म्हणून गं. मला वाटलं...”

“मग सांगून टाक ना त्यांना.”

“कोणत्या तोंडानं सांगू?”

“नाहीतर तूच जा शिकारीला,” ती हसायला लागली. “डास मारतानासुद्धा सॉरी म्हणतोस तू!”

तेही हसले. फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा जास्त शांत झालं.

पुढच्या गुरुवारी फलकावर नवी जाहिरात होती : दोन सोबती हवेत. नवशिके चालतील. जूनअखेरपर्यंत कळवावे, नंतर फार्म जागा देऊन टाकेल.

दिनकररावांनी कबुलीचं वाक्य जर्मनमध्ये कागदावर लिहून, व्याकरण दोनदा तपासून आणलं होतं. पण ल्योफलर टेबलावर फोन ठेवून, त्याच्याकडं बघत बसले होते. दिनकररावांनी तो कागद खिशातच ठेवला. ते तसेच गडबडीनं निघाले, आणि बसमध्ये बसल्यावर त्यांचा हात पिशवीत चाचपडत राहिला. पुस्तक बाकावरच राहिलं होतं. आठही चिठ्ठ्या त्यातच होत्या.

नंतरच्या गुरुवारी ते गेलेच नाहीत. त्यापुढचा गुरुवार जूनमधला शेवटचा होता.

पुस्तक बाकावर त्यांच्या नेहमीच्या जागी होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं. त्यांनी उघडून पाहिलं. आठही चिठ्ठ्या आपापल्या पानांत होत्या. पलीकडच्या स्वयंपाकघरात ल्योफलर कप विसळत होते.

“पुस्तक मिळालं?” त्यांनी आतूनच विचारलं.

“हो. धन्यवाद. हेर ल्योफलर, मला तुम्हाला...”

“मला ती लिपी वाचता येत नाही,” ल्योफलर म्हणाले. “पास्ट शो.” ठीक आहे, असू दे, असं म्हणायचं असलं की त्या भागातली माणसं एवढंच म्हणतात. नळ पुन्हा सुरू झाला.

दिनकरराव जायला म्हणून वळले, तर समोर फलक. जाहिरात पुन्हा बदलली होती. या वेळी ती हातानं लिहिलेली होती.

नामिबिया. एक सोबती हवा. बाण सोडलाच पाहिजे असे नाही. पाणवठ्यापाशी आडोशात दोन खुर्च्या असतात. पुस्तके आणावीत.

खाली एकच चिठ्ठी होती. ती आधीच दुमडून, घडीवरून नख फिरवून ठेवलेली होती.

दिनकररावांनी खिशातून फोन काढला. मग त्यांनी ती फाडली. नंबर एव्हाना पाठ झाला होता, तरी त्यांनी चिठ्ठीवर बघून एकेक आकडा दाबला.

स्वयंपाकघरात फोन वाजला. नळ बंद झाला. ल्योफलर हात पुसत दारापर्यंत आले. दोघांत दहा पावलांचंही अंतर नव्हतं. त्यांनी दिनकररावांकडं पाहिलं, मग पाठ फिरवून खिडकीकडं तोंड केलं आणि फोन कानाला लावला.

“ल्योफलर.”

“मोघे बोलतोय,” दिनकरराव म्हणाले. “जाहिरातीबद्दल.”

“हो. उशीर केलात. पण जागा आहे.”

“माझ्या हातून मारणं होणार नाही. मुंगीसुद्धा नाही.”

“होर्स्ट माझ्याबरोबर अकरा वेळा आला,” खिडकीशी ल्योफलर म्हणाले. “एकदाही बाण सोडला नाही त्यानं.” त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “फक्त एक आहे. आडोशात दिवसभर बोलता येत नाही. जमेल?”

दिनकररावांनी त्यांच्या पाठीकडं पाहिलं. कमरेपाशी शर्टावर हात पुसल्याचे दोन ओले ठसे होते.

“जमेल,” ते म्हणाले.

त्यानंतर दोघंही काही बोलले नाहीत. बाहेर कुरणावर कुणाचा तरी बाण नेम चुकून गवतात गेला. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.