मोजणाऱ्याचं नाव

"सांडूचा पासवर्ड बदला आणि नवा मला चिठ्ठीवर लिहून द्या," खंडेराव साहेब म्हणाले.

"साहेब, तुमच्या पासवर्डनं बघता येतात की आकडे."

"बघता येतात. लिहिता येत नाहीत. ते तुम्हीच करून ठेवलंय ना, बाई?"

ते खरं होतं. तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या फाइली आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर असत. तिथं कोणाला काय उघडता येईल, हे ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी दोन गट केले होते. मोजणारे लिहू शकत, साहेबलोक फक्त वाचू शकत. ज्याच्या खात्यातून आकडे लिहिले जात, त्याचं नाव यंत्र आपोआप फाइलीवर लावी. जो विहिरीवर गेला त्यानं आकडा लिहावा, एवढीच माझी समजूत.

सांडूभाऊ बावीस वर्षं विहिरी मोजत होते. पोलादी टेपच्या टोकाला खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायची आणि वर ओढून खडू कुठवर भिजलाय ते बघायचं. त्यांची बोटं कायम पांढरी. कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्या वह्यांतले सगळे आकडे त्यांनी एका बोटानं टाइप करून स्वतः चढवले. माझ्या कीबोर्डवर खडू सांडायचा. मी चिडले की म्हणायचे, "पुसून घ्या की बाई. सावलीत बसून तुम्हाला दुसरं काम काय हाय?"

२०१३ चा उन्हाळा. तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणत असू. जालना रोडनं शहर करमाडकडे सरकत होतं, नव्या इमारतींचे बोअर खोल खोल चालले होते, आणि सांडूभाऊंची टेप कोरडी वर येऊ लागली होती. टँकर मागणाऱ्या गावांची यादी लांबत होती. ती आखूड करा, असा वरून निरोप होता. विहिरीत पाणी दिसलं की गाव यादीतून बाहेर.

साहेबांना चिठ्ठी कशाला हवी, ते मला कळत होतं. माझ्या निवृत्तीला दहा महिने राहिले होते. मी चिठ्ठी दिली. सांडूभाऊंना सांगितलं, सर्व्हर बिघडलाय, वही माझ्याकडे ठेवून जा. त्यांनी विश्वासानं ठेवली.

पंधरा दिवसांनी ते आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, आमच्या गावच्या विहिरीत साडेतीन मीटर पाणी हाय म्हणं."

"कोण म्हणतं?"

"तहसीलात कागद लागलाय. खाली मोजणाऱ्याचं नाव, सांडू. गावचा टँकर बंद झाला. बाया दोन कोसावरून पाणी आणतेत. सखूबाई चुलती हंड्यासकट पडली, खुबा मोडला तिचा. पारावरचे म्हणतेत, सांडूला दिसलं तेवढं पाणी आम्हालाबी दाखव म्हणावं."

"तुम्ही लिहिलं नाही, मला माहीत आहे."

"मलाबी माहीत हाय. गावात येऊन सांगता व्हय तुम्ही?"

मी त्यांची वही उचलून कपाटात ठेवली.

"नाय ना? मग माझं नाव तरी काढा. पुढच्या महिन्याच्या कागदावर ते नको. हा घ्या राजीनामा."

ते बाहेर बाकावर जाऊन बसले. साहेबांना न विचारता मी सांडूभाऊंचं खातं काढून टाकलं. सबंध नोकरीत न विचारता केलेली ती एकच गोष्ट. खोट्या आकड्यांपुढचं नाव गेलं. मग मी दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. बावीस वर्षांच्या खऱ्या आकड्यांपुढूनही ते गेलं होतं. प्रत्येक फाइलवर नावाच्या जागी एक लांबलचक नंबर. घाईघाईनं त्याच नावाचं खातं पुन्हा उघडलं. यंत्रानं तो नवाच माणूस धरला. जुन्या फाइलींवर नंबर तसेच राहिले.

"निघालं का?" सांडूभाऊ दारातून म्हणाले.

"निघालं."

"बरं झालं."

पुढचं त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

खिशातून खडूचा तुकडा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "हे ऑफिसचं हाय," म्हणाले. मग वाकून सदऱ्याच्या बाहीनं माझा कीबोर्ड पुसला आणि गेले.