ढेकर-फेरी

वेंडेल खोटं बोलतोय हे मला गाडीत बसतानाच कळलं. छातीत नुसती जळजळ असलेला माणूस सीटबेल्ट लावताना डोळे मिटून घेत नाही.

"हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेते," मी म्हटलं. "नाहीतर सरळ ॲम्ब्युलन्स बोलावते."

"खबरदार! तू फोन केलास की सगळ्यांचे पेजर वाजणार. अग्निशमन केंद्रात अजून पॅनकेकची न्याहारी चाललीय, अख्खं गाव तिथं बसलंय. ड्वेन ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजवत दारात येईल, आणि शेवटी निघणार काय? सॉसेज जास्त खाल्ली! त्यापेक्षा अर्जंट केअरला चल. गुपचूप एक गोळी देतील."

आमच्या गावात ॲम्ब्युलन्स चालवतात ती गावातलीच माणसं, बिनपगारी. वेंडेलने निम्मं आयुष्य ती चालवली. छातीत दुखतंय म्हणून कुणी बोलावलं आणि शेवटी गॅस निघाला, की ही मंडळी तिला 'ढेकर-फेरी' म्हणतात. हा शब्द माझ्याच नवऱ्याने, वेंडेलने काढलेला. मागच्या हिवाळ्यात केंद्रातल्या जेवणात त्याने ओपल रीगलची नक्कल केली होती. ओपल एकटी राहते. तिने दोन-तीनदा गाडी बोलावली होती आणि दर वेळी गॅसच निघाला होता. वेंडेलने छातीवर हात ठेवला, डोळे वर केले, "ड्वेन बाळा, मी चालले रे!" लोक टेबलं बडवून हसले. ओपल ताटली घेऊन दारातच उभी होती. तिने ताटली खाली ठेवली आणि निघून गेली. "गंमत केली, एवढं काय त्यात," असं वेंडेल घरी येताना म्हणाला होता.

आता तीच गंमत त्याच्या अंगाशी आली होती, आणि मी मूर्खासारखी त्याचं ऐकत गाडी हाकत होते.

अर्जंट केअर म्हणजे किराणा दुकान आणि नखं रंगवायचं दुकान यांच्यामधल्या गाळ्यातला छोटा दवाखाना. घसा धरला, बोट कापलं, घोटा मुरगळला की आम्ही तिथं जातो. दार ढकललं आणि समोर पाहते तर ओपल! चर्चला घालायचा निळा कोट, मांडीवर पर्स, आणि श्वास तोंडाने चाललेला.

"ओपलबाई, तुम्ही इथं?"

"काही नाही गं मार्लीन. चर्चच्या पायऱ्या चढले तेव्हापासून जरा दम लागतोय. नंबर येईल आता."

"मग गाडी नाही का बोलावलीत?" बोलून गेले आणि जीभ चावली.

"आता नाही बोलवत मी कुणाला," ती म्हणाली. वेंडेलकडे तिने पाहिलंही नाही.

वेंडेल भिंतीवरच्या फ्लूच्या लसीच्या जाहिरातीकडे बघत राहिला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आले, आणि काउंटरवरची मुलगी खुर्ची सोडून धावली.

आत त्याच्या छातीला तारा चिकटवल्या. डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी पाहिली, त्याला ॲस्पिरिन चघळायला लावली आणि माझ्याकडे वळल्या. "हा हार्ट अटॅक आहे. आमच्याकडे यावर इलाज होत नाही. थेट इमर्जन्सीलाच फोन करायचा होतात." त्यांनीच फोन केला.

ड्वेन आला तो शर्टावर पॅनकेकचा पाक घेऊनच. "कधीपासून दुखतंय?"

"आत्ताच. इथं येताना."

"वेंडेल, हा प्रश्न मला तूच शिकवलायस. खरं सांग."

वेंडेलने माझ्याकडे पाहिलं. "पहाटेपासून. पॅनकेक उलटत होतो तेव्हाही."

माझ्या शेजारी उभा राहून, हसत, विनोद करत! मला त्याला थोबाडीत मारावंसं वाटलं आणि कुशीत घ्यावंसंही वाटलं.

स्ट्रेचर बाहेर काढलं तेव्हा वाट द्यायला ओपलने गुडघे आवरून घेतले. तिचे ओठ निळसर पडले होते. ते वेंडेलला दिसले. निम्मं आयुष्य हेच बघण्यात गेलेला माणूस तो.

"थांब. ड्वेन, तिला बघ. तिला दुसरी गाडी मागव."

"नको नको," ओपल म्हणाली, "माझं गॅसचंच असेल."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे धावल्या. ड्वेनने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "दुसरी गाडी पाठवा. अर्जंट केअर. ओपल रीगल, दम लागलाय."

पलीकडे ताटल्यांचा आवाज होता. मग कुणीतरी म्हणालं, "ओपल? परत ढेकर-फेरी?" आणि मागे पाच-सहा जण हसले.

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. ओपलनेही. "बघा, मी म्हटलं ना," ती पुटपुटली आणि कोटाची बटणं लावू लागली. उठून घरी जायला निघाली होती ती.

वेंडेलने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला आणि ड्वेनच्या हातातला वॉकीटॉकी घेतला.

"वेंडेल बोलतोय. ढेकर-फेरी ही माझी आहे. तिला गाडी पाठवा."

हसणं बंद झालं. "निघालो," एवढंच आलं. वेंडेलने मान वळवून ओपलकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती खाली बघून बटणं लावत होती. शेवटच्या बटणापर्यंत तिने मान वर केली नाही, आणि ड्वेनला थांबता येत नव्हतं.