अठरावी सही

ओनोरीनने सदरा हौदाच्या दगडावर आपटला, पिळला आणि उलगडून पाहिला. बाहीवरचा निळा डाग होता तिथेच होता. तिने राख चोळली, मोगरीने बडवला; डाग फिका व्हायचं नाव घेईना.

"सोड गं तो," शेजारून फिलोमेन म्हणाली. "त्या चित्रकाराचा ना? कापड फाटेल, पण त्याचा रंग निघायचा नाही."

हौदावरच्या बायका हसल्या. ओनोरीन हसली नाही. मिस्त्राल सुटून चौथा दिवस होता. त्या वाऱ्यात गावातल्या सगळ्यांचेच आवाज चढतात. हसणंसुद्धा भांडणासारखं ऐकू येतं.

तेवढ्यात किराणावाला कास्तान एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने कागदाची घडी सांभाळत हौदाशी आला.

"ओनोरीन, तुझीच तेवढी राहिली. सतरा झाल्या."

"काय सतरा?"

"सह्या. त्या चित्रकार जेर्व्हालला वेड्यांच्या इस्पितळात धाडा म्हणून अर्ज केलाय. कालव्याकाठच्या गल्लीतल्या प्रत्येक घराची सही हवी असं महापौर म्हणतात. घरं अठरा."

"त्याने कुणाचं काय वाकडं केलंय?"

"बेकरीवाल्याच्या बायकोला विचार. भर बाजारात मनगट धरलं तिचं. म्हणे, हलू नका, गालावरचा हिरवा जाईल. हिरवा! दोन दिवस वळ होते हातावर."

"मी नऊ दिवस चित्रासाठी त्याच्यापुढे बसतेय, मस्यो कास्तान. माझ्या बोटालाही त्याने हात लावलेला नाही."

"विधवा बाईने हे असं चारचौघांत सांगू नये हो," फिलोमेन म्हणाली. पुन्हा हशा पिकला.

कास्तान मात्र हसला नाही. तो खाली वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "हॉटेल माझ्या मेव्हण्याचं आहे, ठाऊक आहे ना? सही नसली, तर तुझ्याकडच्या हॉटेलच्या चादरी सोमवारपासून फिलोमेन धुवेल. विचार कर."

ओनोरीनने सदरा पुन्हा पाण्यात बुडवला. कास्तानच्या बुटांवर पाणी उडालं. ते चुकून उडालं नव्हतं.

दुपारी ती जेर्व्हालच्या घरी पोचली, तेव्हा त्याने खुर्ची दारातच मांडून ठेवली होती. पहिल्या दिवशी ती खुर्ची खिडकीशी होती, मग टेबलाजवळ, काल चुलीच्या अलीकडे. आज मागचे दोन पाय उंबऱ्याला टेकले होते, दार सताड उघडं होतं आणि वारा थेट तिच्या पाठीवर येत होता. चित्राची तिपाई उडू नये म्हणून जेर्व्हालने तिला दोरीने दोन दगड बांधले होते. उत्तरेकडचा माणूस, दीड वर्ष इथे राहूनही थंडी त्याला कळत नसे.

"दार लावू का? दात वाजतायत माझे."

"नको बाई. उघडंच राहू द्या."

शाल लपेटून ती बसली. भिंतींना टेकवलेली चित्रं तिला आता सवयीची झाली होती. जांभळ्या बुंध्यांची बदामाची झाडं. कालव्याचं पाणी, नारिंगी. गाव या चित्रांना हसे, आणि तीही पहिल्या दिवशी हसली होती. मग एका संध्याकाळी धुणं घेऊन परतताना तिने कालव्यात पाहिलं, तर पाणी खरोखरच नारिंगी होतं. चाळीस वर्षं ती हौदात येणाऱ्या त्याच पाण्यात कपडे धूत आली होती.

"एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "गावात एक कागद फिरतोय."

त्याचा कुंचला थांबला नाही. "किती झाल्या?"

"सतरा." मग तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"तुमची का नाही झाली?"

"का म्हणून करू? त्या कास्तानला स्वतःच्या दुकानाची पाटी धड लिहिता येत नाही, आणि माणसांना वेडं ठरवायला निघालाय!"

"नाहीच येत," जेर्व्हाल म्हणाला. "म्हणून तर अर्ज मी लिहून दिला."

बाहेर कुणाच्यातरी खिडकीची झडप धाडकन आपटली. ओनोरीन त्याच्याकडे पाहत राहिली. तो थट्टा करत नव्हता. तो तिच्या कपाळाकडे पाहत होता आणि कुंचल्याच्या टोकाने थोडासा पिवळा उचलत होता.

"शुक्रवारी त्याच्या दुकानात गेलो. तो असले अर्ज करायला एका पायावर तयार असतो. मजकूर माझा, अक्षरही माझंच. त्याने फक्त कुणाला सांगायचं नाही, एवढंच ठरलं."

"पण का?"

"गुरुवारी तुम्हाला इथे डोळा लागला होता. आठवतं?"

"दमले होते. मी उठले तेव्हा तुम्ही कुंचले धूत होतात."

"हात धूत होतो." त्याने पहिल्यांदाच कुंचला खाली ठेवला. "सव्वादोनला तुम्ही मान टाकलीत तेव्हा मी या स्टुलावर होतो. भानावर आलो तेव्हा तुमच्या खुर्चीमागे उभा होतो. रंग खरवडायची सुरी हातात होती. चर्चमध्ये तीनचे ठोके पडत होते. म्हणजे पाऊण तास. त्या पाऊण तासातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. फक्त चित्रात मान पुरी झाली होती."

ओनोरीन उठली आणि चित्रापुढे जाऊन उभी राहिली. चेहरा अजून अर्धाच होता. हिरवा, पिवळा, ओबडधोबड. मान मात्र जिवंत होती. कानाखालची शीर, गळ्याची खळगी, कातडीखालची ऊब. एवढ्या निगुतीने कुणी कधी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, तिच्या नवऱ्यानेही नाही. तिचा हात आपसूक गळ्याशी गेला आणि तिने वरचं बटण लावलं.

"तुम्ही आपणहून का नाही गेलात तिकडे?"

"गेलो होतो की. दोनदा. इस्पितळाच्या फाटकापर्यंत." तो कसंनुसं हसला. "दोन्ही वेळा उजेड फार सुंदर पडला होता. परत आलो. मला कुणीतरी न्यायलाच हवं, बाई."

तिने शाल खांद्यावर घेतली. जेर्व्हालने तिला अडवलं नाही. तो नुसता खिडकीबाहेर पाहून म्हणाला, "उजेड चारपर्यंत आहे."

ओनोरीन उंबऱ्यात थांबली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मग ती मागे फिरली आणि त्या खुर्चीत ताठ बसली. चारचे ठोके पडेपर्यंत तिने पापणी मिटू दिली नाही. त्यानंतर सरळ कास्तानच्या दुकानात जाऊन तिने आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर जुळवत. तिला तेवढंच लिहिता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन शिपाई घोडागाडी घेऊन आले. सारी गल्ली दारात उभी होती. जेर्व्हाल आला तो कोट न घालताच. रंगाने माखलेले हात दोघांनी दोन बाजूंनी धरले होते.

"काय केलंय मी?" तो ओरडत होता. "कुणी सांगेल का मला? काय केलंय?"

ओनोरीनला आधी वाटलं, हे नाटक आहे. लोकांसाठी चाललंय. मग गाडीपाशी त्याची नजर तिच्यावर पडली, आणि ते नाटक नव्हतं. कालची दुपार त्या डोळ्यांत कुठेच नव्हती.

थोरल्या शिपायाने खिशातून अर्ज काढून गाडीच्या कडेवर पसरला. "अठरा घरांनी लिहून दिलंय, मस्यो. ही नावं."

जेर्व्हाल वाकला, पण वाऱ्याने कागद दुमडला. त्याला खालच्या दोनतीन सह्याच दिसल्या, वरचं स्वतःचं अक्षर नाही. त्याने मान वर केली.

"तुम्हीसुद्धा, बाई?"

कास्तानचा चेहरा लाल झाला होता. "अहो, पण हा कागद तर तुम्हीच—" असं म्हणत तो पुढे सरसावला.

ओनोरीनने त्याचा दंड धरला. आयुष्यभर चादरी पिळलेला हात होता तो. कास्तान कळवळून गप्प झाला.

"हो," ती जेर्व्हालला म्हणाली. "मीसुद्धा."

तो तिच्या तोंडावर थुंकला. गल्लीत एकच गलका उठला. फिलोमेन धावत पुढे आली आणि आपल्या झग्याच्या टोकाने तिचा गाल पुसू लागली, काहीबाही बोलू लागली. ओनोरीनने ते ऐकलं नाही. शिपायाने अर्जाची घडी घालून तो पुन्हा खिशात टाकेपर्यंत तिने कास्तानचा दंड सोडला नाही.